टॉवेल वाळेल तिथं गाडी लावायची

अन्याय झाला तो आमच्या दाजींवर. गेल्या वर्षी, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी. सोलापूरजवळ, हैदराबाद रस्त्यावर, ट्रकवाल्यांसाठी म्हणून जो नवा चकचकीत थांबा झाला आहे, तिथे दाजींनी कठड्यावर वाळत घातलेला ओला टॉवेल एका गणवेशातल्या माणसाने झाडूच्या दांड्याने उचलला आणि कचऱ्याच्या पिंपात टाकला. हे सगळ्यात आधी सांगते, कारण त्यानंतर थोड्याच वेळात जे घडलं त्याची बातमी पेपरात आली आणि त्या बातमीत टॉवेल नव्हता. ‘चालकाला डुलकी लागल्याने’ एवढंच होतं. डुलकी आली कुठून, हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे. गाव माढ्याजवळ, धंदा ट्रकचा, ट्रक दुसऱ्याचा. त्यांच्याइतका संशयी माणूस मी पाहिलेला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा आईने चहा दिला, तर त्यांनी आधी कप उचलून तळाशी काय आहे ते बघितलं. आईचा चेहरा उतरला. ताई म्हणाली, मनाला लावून घेऊ नकोस, माझ्याकडेही असंच बघतात.

मी सोलापूरला कॉलेजात होते तेव्हा सुट्टीनंतर परत जाताना बाबा मला त्यांच्या ट्रकमध्ये बसवून द्यायचे. ताईही बहुतेक वेळा बरोबर असायची. त्या प्रवासात मला कळलं की हा माणूस ट्रक चालवतो ते एक काम, आणि थांबायचं कुठे हे ठरवतो ते दुसरं, आणि दुसरं काम त्याला जास्त थकवतं. ढाबा दिसला की आधी वेग कमी. मग पाटीकडे नजर. पाटी मोठी असली की ते मान हलवायचे. “पाटी मोठी तर तांब्या बारका. ज्याला धा गोष्टी लिवाव्या लागत्यात, त्याच्याकडं एक बी नसती.” मग मालक कुठे बसलाय, काय खातोय, हे बघायचं. मालक घरचा डबा खात असेल तर गाडी पुढे.

यात ते दर वेळी बरोबर निघायचे असं अजिबात नाही. एकदा मोहोळच्या पुढे एका ढाब्यावर मालक उठून उभा राहिला, या बसा म्हणाला, पंखा आमच्याकडे वळवला. दाजी उठलेच. “इतका गोड बोलतोय म्हंजी डिझेलवर डोळा हाय.” तिथून निघून त्यांनी आम्हाला जिथे जेवायला घातलं, तिथल्या रश्शाने ताई आणि मी दोघी आडव्या झालो. आठवण करून दिली की म्हणायचे, पोट बिघडलं, डिझेल तर वाचलं की.

पण त्यांची खरी परीक्षा वेगळी होती. गाडी लावली की नळावर हातपाय धुवायचे, टॉवेल ओला करून तोंडावरून फिरवायचा आणि तो तिथेच कुठेतरी, दोरीवर, कुंपणावर, खाटेच्या पायावर वाळत घालायचा. मग चहा घेत लांबून बघत बसायचं. कुणी काढतंय का, कुणी नाक मुरडतंय का. मी एकदा विचारलं की हे कसलं खूळ. तर म्हणाले, “आपला वल्ला टॉवेल जिथं कुणाला खुपत न्हाय, तिथं आपुन झोपलेलं बी खुपत न्हाय.”

टेंभुर्णीकडच्या एका ढाब्यावर भाकरी थापणाऱ्या आक्कांनी तव्यावरची भाकरी उलटली, उठून दाजींचा वाऱ्याने पडलेला टॉवेल झटकला, उन्हात टाकला आणि परत भाकरीपाशी बसल्या. कुणाचा आहे हेही विचारलं नाही. त्या दिवशी दाजी लिंबाखाली असे घोरले की ताईला पाणी मारून उठवावं लागलं. उलट शहराजवळच्या एका हॉटेलात वेटर म्हणाला, टॉवेल काढा, इथे फॅमिली बसते. दाजींनी ताईकडे बोट केलं, माझ्याकडे केलं, आणि शांतपणे विचारलं, “मग आमी काय बेवारस हाय व्हय?” चहा अर्धा ठेवून निघाले. पैसे मात्र पूर्ण दिले, कारण अर्धे दिले असते तर त्या वेटरचे कापले असते असा त्यांना संशय होता.

कॉलेज संपलं आणि मी चालकांच्या संघटनेत काम करू लागले. तेव्हापासून दाजी मला ‘पुढारीण’ म्हणतात. आमचं पहिलं पत्रक मी त्यांना मोठ्या अभिमानाने दिलं. सावली, पाणी आणि झोप हा चालकाचा हक्क आहे, असं वर ठळक छापलं होतं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं. म्हणाले, कागद लई गुळगुळीत हाय, पैसं कोण देतंय? मी सांगितलं की आम्हीच वर्गणी काढतो. त्यावर ते जास्तच सावध झाले. स्वतःच्या पैशाने लोकांचं भलं करणारा माणूस त्यांनी अजून बघितला नव्हता म्हणे. पण पत्रक फेकलं नाही. बरेच दिवस ते त्यांच्या डब्याखाली अंथरलेलं असायचं, तेलाचे डाग पडलेलं, आणि मला वाटतं आमचं एवढं वाचलं गेलेलं पत्रक तेच.

मग तो नवा थांबा झाला. हिरवळ, कारंजं, काचेचं हॉटेल आणि महामार्गावरून लांबूनच दिसणारी पाटी. प्रीमियम ट्रक थांबा. चालक बंधूंसाठी मोफत अंघोळ, वातानुकूलित विश्रांती हॉल, सुरक्षित पार्किंग. संघटनेतल्या काहींना बरं वाटलं, अखेर कुणीतरी ऐकलं. मी आणि ताई दाजींबरोबर तिथून जात होतो, तर त्यांनी गाडी हळू केली, थांबवली नाही. म्हणाले, “पुढारीण, दोरी कुटं दिसती का बग.” मला कळेना. “एवढी माणसं हितं अंगुळ करत्यात म्हणं. मग टॉवेल कुटं वाळत्यात?”

मी बघितलं. दोरी नव्हती. खिळा नव्हता. कठड्यावर एक फडकं नव्हतं. अंघोळीच्या खोल्यांच्या फरशा लांबूनही चमकत होत्या. दाजी गिअर टाकत म्हणाले, “लई स्वच्छ हाय. म्हंजी कुणी वापरत न्हाय.”

तिथे ते कधीच थांबले नसते. पण त्यांच्या शेठने त्या थांब्याशी डिझेलचा करार केला. आता तिथेच भरायचं, तिथेच थांबायचं. गाडी कुठे उभी आहे ते शेठला दाखवणारं यंत्र गाडीत बसलं. लिंबाखाली गाडी लावली की शेठचा फोन वाजायचा, गाडी का उभी? आयुष्यभर हा माणूस एकाच गोष्टीत स्वतःचा मालक होता, ती म्हणजे आपण कुठे टेकायचं. ती शेठने परस्पर विकून टाकली. कशाच्या बदल्यात, ते मला ठाऊक नाही. स्वस्त डिझेल असेल. पण कुणीतरी कुणाला काही दिल्याशिवाय असं होत नाही, एवढं मी दाजींकडून शिकले आहे.

त्या दिवशी ते कर्नाटकातून सिमेंट घेऊन येत होते. माल भरायला रात्रभर रांगेत ठेवलं होतं. डोळ्यांत खडे टोचत होते, असं ते नंतर म्हणाले. थांब्यावर डिझेल भरलं आणि हॉलकडे गेले, तर कुलूप. अंघोळीच्या खोल्यांनाही कुलूप. गार्ड म्हणाला, किल्ली मॅनेजरसाहेबांकडे, साहेब सोलापूरला. कधी येतील ते साहेबांनाच माहीत. केबिन वैशाखात भट्टीसारखी तापलेली, तिथे झोप शक्य नाही. दाजींनी बागेच्या नळावर तोंड धुतलं, टॉवेल भिजवला, कठड्यावर टाकला आणि सावली शोधत उभे राहिले.

तेवढ्यात एक गाडी आली. आता अशा गाड्या दिसू लागल्या आहेत, आत पलंग, शेगडी, पडदे, सगळं घरच. दाजींना आधी ते शूटिंगवाले वाटले, मग निवडणुकीवाले. शेवटी त्यांनी ठरवलं की हे शहरातले धनगर. “घोड्यावर मावंल एवढा संसार घिऊन हिंडत्यात, फकस्त मेंढरं न्हाईत.” गाडीतून वयस्कर नवराबायको उतरले. गार्डने सलाम केला आणि खिशातून अंघोळीच्या खोल्यांची किल्ली काढली. साहेबांबरोबर सोलापूरला गेलेली किल्ली, स्वतःच्या खिशातून.

दाजी त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. गार्ड म्हणाला, ते कस्टमर आहेत. दाजी म्हणाले, “आन् माझ्या टाकीत तू काय पाणी वतलंस?” गार्डने झाडू घेतला, कठड्यापाशी गेला आणि सुरुवातीला सांगितलं ते केलं.

टोलनाक्यावर सुट्ट्या पैशांसाठी रांग अडवून धरणारा माणूस. तो एक शब्द बोलला नाही. जाऊन केबिनमध्ये बसला, गाडी सुरू केली. ताईला अजूनही अपघातापेक्षा याचंच जास्त वाईट वाटतं. म्हणते, तिथं भांडले असते तर जागे राहिले असते.

सोलापूर दिसायला लागलं होतं. ट्रक दुभाजकावर चढला, सिमेंटची पोती रस्ताभर फुटली. दुसऱ्या कुणाला खरचटलंही नाही. दाजींचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला.

त्यांना दवाखान्यात आणलं ते त्या घरवाल्या गाडीतल्या जोडप्याने. ताई आणि मी पोचलो तेव्हा दाजी स्ट्रेचरवर होते आणि एक अनोळखी बाई त्यांचा टॉवेल घेऊन शेजारी उभ्या होत्या. दाजींनी मला खुणेने जवळ बोलावलं. मला वाटलं काही शेवटचं सांगतात की काय. कानात म्हणाले, “त्या बाईकडं आपला टॉवेल हाय. काय मागती बग.”

बाईंनी काही मागितलं नाही. त्यांनी तो पिंपातून काढला होता, धुतला होता, गाडीच्या बाजूच्या दोरीवर टाकला होता आणि ट्रक निघून गेला म्हणून वाटेत गाठून द्यायला निघाल्या होत्या. मला म्हणाल्या, “गार्ड म्हणाला, ड्रायव्हर लोकांना आत आवडत नाही, ते गाडीतच झोपतात. मला ते खरं वाटलं गं.” मी त्यांच्याकडेही बराच वेळ संशयाने बघत होते. मग त्यांनी हेच पोलिसांपुढे, माझ्यादेखत, शब्द न बदलता सांगितलं. तरी कागदावर डुलकीच आली.

त्याच आठवड्यात शेठने दुसरा चालक ठेवला. दाजींच्या पायात सळई आहे. ब्रेक दाबता येत नाही. ओट्यावर बसून रस्त्यावरची प्रत्येक गाडी निरखतात आणि मालीश करायला येणारा माणूस तेल कमी लावतो असं ताईला सांगतात.

मी या प्रकरणावर पत्रक लिहिलं, चांगलं जळजळीत, आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, “पुढारीण, हे थांबून वाचणार कोण? थांबाय जागा असती तर भांडण कशाला हुतं? कागूद ऱ्हाऊ दे. टॉवेल घाला म्हणावं.”

म्हणून आम्ही टॉवेल घातले. एका दुपारी संघटनेचे चालक डिझेल भरायला म्हणून एकेक करून आले, बागेच्या नळावर तोंड धुतलं आणि ओले टॉवेल कठड्यावर टाकले. चौकड्यांचे, लाल, विरलेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दाजी टमटममधून आले, कुबडी घेऊन. त्यांचा टॉवेल मधोमध. काचेच्या हॉटेलातली माणसं उठून बघायला लागली. मॅनेजर धावत आला, म्हणाला, अहो, लोक काय म्हणतील. गार्ड झाडू घेऊन उभा होता, पण एवढे टॉवेल उचलायला एक दांडा पुरत नाही.

हॉलचं कुलूप निघालं. आत गाद्या होत्या. गाद्यांवरचं प्लास्टिक अजून फाडलेलं नव्हतं. दाजींनी कुबडीच्या टोकाने एक गादी दाबून बघितली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “म्हणलो न्हवतो?” मग त्यांनी ते प्लास्टिक स्वतःच्या हाताने फाडलं आणि आडवे झाले. त्यांना कुठे जायचं नव्हतं, माल पोचवायचा नव्हता. तरी झोपले. आम्ही कुणी उठवलं नाही.

काही आठवड्यांनी कुलूप परत लागलं. लागणारच होतं. मी सांगायला गेले तर दाजींनी आतून टॉवेल आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, मला आता रोज जाणं हुत न्हाय. मी जाते. जमेल तेव्हा जाते, नळावर भिजवते, कठड्यावर टाकते, आणि गार्ड मला ओळखू लागला आहे. पण एका टॉवेलाला तो पुरून उरतो.

तुम्ही त्या रस्त्याने जाता. देवदर्शनाला जाता, हैदराबादला जाता, हल्ली घर घेऊन हिंडताही. तिथे तुम्हाला सलाम होईल आणि खिशातून किल्ली निघेल. ती घेऊ नका. आधी विचारा, चालकांचा हॉल उघडा आहे का, आणि उत्तरावर विश्वास ठेवू नका, स्वतः जाऊन कुलूप बघा. कुलूप असेल तर तुमचा टॉवेल नळाखाली धरा, चांगला निथळता ओला करा आणि त्या कठड्यावर टाका. गार्ड येईल, काढा म्हणेल. काढू नका.