पोट घासणारी गाडी

"उतरा जरा," आप्पा म्हणायचे आणि गाडी थांबवायचे. पुढे रस्त्यात ब्रेकर असायचा. आम्ही दारं उघडून उतरायचो, पदर सावरत ब्रेकर ओलांडायचो आणि पलीकडे जाऊन उभ्या राहायचो. मग आप्पा एकटेच आत, मान लांब करून, आधी एक चाक चढवायचे, मग दुसरं. पोटुशी बाई उंबरा ओलांडते तशी गाडी पलीकडे यायची. "बसा," म्हणायचे. आम्ही बसायचो. पुढच्या गावाला पुन्हा तेच.

आमच्या बीड जिल्ह्यात रस्त्याने गेलेल्या माणसाला ब्रेकरचं काही सांगायला नको. सरकारने केलेले थोडे, गावाने केलेले जास्त. कुणाची शेळी गाडीखाली गेली की दुसऱ्या दिवशी तिथे मुरूम-दगडाचा बांध पडलाच. जीपवाले त्यावरून उडून जातात. आप्पांची गाडी लांब, बुटकी, मागे डिक्की असलेली. चार माणसं बसली की तिचं पोट खाली यायचं आणि बांधाला घासायचं. गल्लीत लोक विचारायचे, "काय आप्पा, गाडीनं गेलते का चालत गेलते?" आप्पा म्हणायचे, "दोन्ही."

परळीत त्यांचं भांड्यांचं दुकान. त्यांचं घर आमच्या समोर, मध्ये गटार. मी त्यांच्याहून दोन-चार वर्षांनी मोठी, म्हणून ते मला आक्का म्हणायचे. माझा धंदा गोधड्या शिवायचा. आप्पा माणूस भिडस्त. गिऱ्हाइकाने पातेलं वाजवून, उलटं करून, नाक मुरडून परत ठेवलं तरी हे हात जोडून "पुन्हा या" म्हणायचे. मला असली माणसं फार आवडत नाहीत. पण शेजार आपण निवडत नाही.

गाडी त्यांनी स्वतःसाठी घेतली नव्हती. थोरल्या दोन लेकी पूर्वीच दिल्या होत्या. धाकटी गिरिजा राहिली होती. तिचं एक स्थळ ठरून मोडलं होतं, वय पुढे चाललं होतं, आणि आमची गल्ली अशा गोष्टी विसरत नाही. मग बीडकडचं एक स्थळ आलं. मुलगा ठेकेदारी करणारा, बाप गावात पुढारपण करणारा. त्यांनी सांगितलं, आमचं काही मागणं नाही, फक्त लेकीला फिरायला एक गाडी द्या. हुंडा म्हणायचं नसतं हल्ली. भेट म्हणायचं.

आता गाडी म्हणजे कुठली, हे काही त्यांनी सांगितलं नाही आणि आप्पांनी विचारलं नाही. आप्पांच्या डोक्यात गाडी म्हणजे डिक्कीवाली. त्यांच्या तरुणपणी मोठे साहेब यायचे ते तसल्याच गाडीतून. उंच, चौकोनी गाडी दिसली की त्यांना काळीपिवळी आठवायची, टपावर माणसं बसलेली. "जावयाला काळीपिवळी देऊ का आक्का?" त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, "मला काय इचारता? मी येष्टीनं जाते." त्यांनी पांढरी, लांब, चकचकीत गाडी आणली. चालवायला त्या वयात शिकले. बैल हाकल्यासारखी चालवायचे, पण चालवायचे.

लग्नाला अवकाश होता. तोवर गाडीला ओरखडा म्हणून येऊ द्यायचा नाही, असं त्यांनी मनात धरलं. म्हणून ते "उतरा जरा." कुणी कुरकुर केली की म्हणायचे, "ही आपली न्हाई. लोकांची हाय. आपण संभाळायची."

सीटवरचं प्लास्टिक त्यांनी काढलं नाही. उन्हाळ्यात पाठ त्याला चिकटायची, उठताना कातडं सोलल्यासारखा आवाज यायचा. रोज पहाटे गाडीवर थर्मलची, म्हणजे वीजकेंद्राची राख बसलेली असायची. ती कुणी फडक्याने पुसायला गेलं की आप्पा दुकानातून ओरडत यायचे. राख बारीक असते पण काचेसारखी असते, कोरडी पुसली तर रंगावर रेघा उठतात. आधी पाणी ओतायचं, मग हात लावायचा. आणि पाणी आमच्याकडे येतं ते आलं तर येतं. आप्पांची बायको, आमच्या वहिनी, ओट्यावरून बोलायच्या, "आमाला आंघोळीला तांब्या, आन् गाडीला बादली. मला बी रंग देऊन आणा शोरूमातून."

मग ते माझ्याकडे आले. गाडीला पांघरूण शिवून द्या म्हणाले. बाजारातलं मिळतं, पण ते आतून खरबरीत. त्यांना मऊ पाहिजे होतं. वहिनींची जुनी लुगडी, माझी दोन, असं जोडून मी अंगणभर पसरून शिवलं. "आरशाच्या जागी भोकं ठेवा आक्का," म्हणाले. "कानाला वारा लागला पायजे." मी म्हटलं, "आप्पा, ही गाडी हाय का बाळंतीण?" हसले. भोकं मात्र ठेवून घेतली.

उंदरांचं वेगळंच. एकदा गाडी चालूच होईना. मिस्त्रीने बॉनेट उघडलं तर वायर कुरतडलेली. कुणीतरी सांगितलं, तंबाखूची पानं ठेवा. आप्पांनी जुडीच आणून कोंबली. उंदीर गेले, पण गारव्याचं बटण दाबलं की सगळ्या गाडीत तंबाखूचा वास. वहिनी शिंकून शिंकून हैराण.

या सगळ्यात गिरिजा काय म्हणत होती? काही नाही. दुकानात बापाबरोबर बसायची, हिशेबाला चोख. एकदा माझ्याकडे सुई न्यायला आली तेव्हा म्हणाली, "मावशी, त्यांचा फोन येतो. गाडीला काय काय हाय ते इचारतात. मी काय खाते, काय करते, एकदा बी इचारलं न्हाई." मी विचारलं, "आप्पाला सांगितलं का?" म्हणाली, "सांगून काय करू? हे बी मोडलं तर त्यांना गल्लीतून मान वर करून जाता यायचं न्हाई." खरं होतं. मी सुई दिली, तिने नेली.

ठरलं असं की लिंबागणेशला गणपतीपुढे गाडीची पूजा करायची आणि किल्ली जावयाच्या हातात द्यायची. देवाच्या दारात दिलेलं शोभतं. एका चतुर्थीला निघालो. आप्पा, वहिनी, गिरिजा आणि मी. मला का नेलं, तर वहिनींना पोरीबरोबर कुणी वडीलधारी बाई हवी होती. परळीपासून लिंबागणेश लांब. किती वेळा उतरलो त्याचा मी हिशेब ठेवला नाही, पण माझी चप्पल त्या दिवशी तुटली. एका ठिकाणी उतरूनही पोट जरा टेकलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आता काय माझी सावली जड झाली का?"

देवळापाशी ते लोक आधीच येऊन थांबले होते, एका मोठ्या उंच गाडीतून. पूजा झाली. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, हार घातला. वहिनी आणि गिरिजा ऊन लागतं म्हणून परत गाडीत जाऊन बसल्या. मग होणारे व्याही गाडीभोवती फिरले. पायाने टायर दाबून बघितला.

"आप्पा, ही कावून घेतली?"

"साहेबलोकांची गाडी हाय."

"ते साहेब रिटायर झाले. आता उंच गाडी लागती. माणूस खाली उतरला की चार लोकांनी वर बघितलं पायजे. हिच्यातनं तर वाकून निघावं लागतंय."

आप्पांनी हात जोडले. मला माहीत होतं ते हात जोडणार. "बसायला लई मऊ हाय," म्हणाले.

"मी दाखवतो काय मऊ हाय ते," जावई म्हणाला आणि किल्ली घेऊन बसला. आत दोघी बसलेल्या होत्या, त्यांना त्याने काही विचारलं नाही. देवळाच्या पुढे रस्त्यावर एक ब्रेकर आहे, चांगला गुडघाभर वाटावा असा. गाडी लांब नेऊन त्याने वळवली आणि भरधाव त्यावर घातली. फरशीवरून पातेलं ओढावं तसा आवाज झाला. हारातली झेंडूची फुलं रस्त्यावर सांडली.

तो हसत उतरला. "बघा. म्हणलो न्हवतो? घासती."

मला वाटलं, आता आप्पा रस्त्यावर आडवे होऊन गाडीचं पोट बघतील. इतके महिने त्या पोटासाठी त्यांनी आम्हाला चालवलं होतं. ते गेले तसे घाईने, पण खाली वाकले नाहीत. त्यांनी मागचं दार उघडलं. वहिनींचं डोकं टपाला आपटलं होतं, ओठ दाताखाली येऊन रक्त आलं होतं. गिरिजाने आईचं डोकं छातीशी धरलं होतं. ती कुणाकडेच बघत नव्हती.

आप्पा वळले. "तुमी माणसं उतरवली न्हाईत?"

"कशाला उतरवायची? दाखवायचंच होतं."

"माणसं आत होती," आप्पा म्हणाले.

व्याही पुढे आले. "अवो आप्पा, काय एवढंसं घेऊन बसलात. ही परत करा, उंच गाडी घ्या. ब्रेकरचा सवालच मिटला."

"किल्ली द्या."

"आवो, मुहूर्त धरलाय. सगळ्या पाव्हण्यात सांगून झालंय. तुमच्या पोरीचं आधी एक मोडलेलं, हे आमी मनावर घेतलं न्हाई—"

"किल्ली द्या," आप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही. गिऱ्हाइकाला म्हणावं तसंच म्हणाले, फक्त हात जोडलेले नव्हते. एक हात पुढे केलेला होता. जावयाने बापाकडे बघितलं आणि किल्ली त्या हातावर टाकली.

मी गाडीत बसले. आप्पांनी गाडी सुरू केली. खालून काहीतरी खडखडत होतं. तोच ब्रेकर पुन्हा आला, दुसरी वाटच नव्हती. सवयीने माझा हात दाराला गेला.

"बसा," आप्पा म्हणाले. "आता आपली हाय."

गाडी घासली. आप्पांनी डोळे बारीक केले, जणू त्यांच्याच पोटाला खरचटलं. पुढचाही ब्रेकर आला, पुन्हा घासली. मग वहिनी पदर ओठाला लावून म्हणाल्या, "आपली हाय तर हळू घ्या की मग." आणि गिरिजा हसली. त्या पोरीला मी कितीतरी दिवसांनी हसताना बघितलं. हसता हसता रडली, ते सोडून द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी सीटवरचं प्लास्टिक फाडून काढलं. गल्ली जमली. गल्लीला जे बोलायचं ते गल्ली बोलली, वर्षभर बोलली. आप्पा मान खाली घालूनच दुकानात जायचे, पण जायचे. मिस्त्रीने गाडीच्या स्प्रिंगांत रबरं घालून तिला जरा वर उचलून दिलं. थर्मलच्या रस्त्याला मोकळं मैदान आहे, तिथे त्यांनी गिरिजाला गाडी शिकवली. ती बापासारखी बैल हाकत नाही. ब्रेकर आला की गाडी तिरकी करते आणि पाण्यातून म्हैस निघावी तशी आरामात काढते. आप्पा शेजारी बसून म्हणायचे, "हे मला कावून सुचलं न्हाई?" तरी गाडी भरलेली असली की ते विचारायचेच, "उतरता का जरा?" आधी हुकूम होता, आता विचारणं झालं.

गिरिजाचं लग्न झालं का, हे तुम्ही विचाराल. झालं. परळीतच झालं, मास्तराशी. त्याने काही मागितलं नाही. त्याला गाडी चालवता येत नाही. तो मागे बसतो आणि झोपतो.

मागच्या उन्हाळ्यात दुपारी आप्पांच्या छातीत दुखायला लागलं. गिरिजा दुकानातून धावत आली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मागच्या सीटवर आप्पा आडवे, डोकं वहिनींच्या मांडीवर. मी पुढे. गिरिजाने गाडी अशी काढली की मी देवाचं नाव घेतलं, आणि मी ते सहसा घेत नाही. घाटाच्या अलीकडे एक गाव लागतं. तिथे ब्रेकर आला आणि तिने वेग कमी केला.

आप्पांनी डोळे उघडले. हात दाराकडे सरकला. "उतरू का ग?" त्यांनी विचारलं.

"पडून राहा आप्पा," गिरिजा म्हणाली. मागे बघितलं नाही. गाडी तिरकी घेतली. पुढचं चाक गेलं, मग मागचं गेलं.

"घासली न्हाई," आप्पा म्हणाले.

मी ऐकलेलं त्यांचं शेवटचं बोलणं तेच. पुढे दवाखान्यात काही बोलले असतील तर मला माहीत नाही. मी बाहेर बाकावर बसले होते. संध्याकाळी गिरिजा बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गाडीची किल्ली होती आणि ती कुठे ठेवावी हे तिला कळत नव्हतं.

गाडी आता समोरच्या ओट्यालगत उभी असते. पांघरूण विरलंय, मी ठिगळं लावते. राख पडायची थांबत नाही.

परवा वहिनींना डोळे दाखवायला बीडला न्यायचं होतं, तर मीही गेले. ब्रेकर आला. माझा हात दाराला गेला.

"मावशी, बसा. घासत न्हाई," गिरिजा म्हणाली.

"उतरते," मी म्हटलं. "गुडघे आखडलेत."

माझे गुडघे चांगले आहेत. मी उतरले. मागचं दार वाजलं, बघते तर वहिनीही उतरल्या होत्या. आम्ही दोघी पदर सावरत ब्रेकर ओलांडून पलीकडे गेलो आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहून गाडी यायची वाट बघू लागलो.