गुरगुरणारा हीटर

शारजात अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमध्ये हीटर बाथरूमच्या फॉल्स सीलिंगवर लपवलेला आहे. उन्हाळाभर तो बंदच. गच्चीवरची टाकी एवढी तापते की थंड नळाला कढत पाणी येतं, म्हणून आंघोळीला आम्ही गरम नळ सोडतो. बंद हीटरमधलं पाणी त्यातल्या त्यात निवलेलं असतं. बाबा गेल्यावर आईला साताऱ्याहून आणलं, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने थंड नळाखाली हात धरला आणि ओरडली, "अगं बाई! इथे सगळं उलटंच आहे की!"

ती इथे राहील ना, एवढाच मला घोर होता. विचारलं की "बघू" म्हणायची. तिचं 'बघू' म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक.

डिसेंबरात हीटर चालू केला आणि मेला बोलायलाच लागला. आधी टकटक, मग पोटात गॅस धरल्यासारखी गुरगुर, शेवटी बारीक शिट्टी. मी धास्तावले, एखाद दिवशी डोक्यावर फुटायचा! आई मात्र रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून, चहा घेऊन बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकून बसायची.

"अगं, तिथे काय बसतेस?"

"ऐकतेय. तळाला क्षार धरलेत त्याच्या. आपल्या बंबाचं असंच व्हायचं."

मग नाश्त्याला रोजची बातमी, "आज शिट्टी जरा उशिरा आली हं." माझी लेक हसायची, "आजी, इट्स जस्ट अ हीटर!"

आमचा बंब तांब्याचा, परसात. पहाटे बाबा तो पेटवायचे, शेंगांची टरफलं नि गोवऱ्या घालून. धुराने डोळे चोळत आम्ही भावंडं पांघरुणात पडून राहायचो. पाणी तापत आलं की बंब गुरगुरायचा आणि पाठोपाठ बाबांची हाक, "कोण येतंय आधी?" कोणीच जायचं नाही. काय सुख होतं त्या लोळण्यात!

शेवटी मी प्लंबरला बोलावलं. त्याने हीटरची टाकी उघडून दाखवली. "अंदर पूरा जंग है मॅडम. खलास. नया लगाओ."

"चिंचेने घासून नाही का निघायचं?" आईने मला हळूच विचारलं. मी हसण्यावारी नेलं. नवा हीटर आला तो अगदी मुका. म्हटलं, चला, आता तरी आई नीट झोपेल.

"छान झालं हो," ती म्हणाली. स्टूल स्वयंपाकघरात परत गेलं. आई उशिरा उठायला लागली.

आठवडाभराने म्हणाली, "माझं तिकीट बघ गं."

मी भडकलेच. "इथे काय कमी पडतंय तुला?"

"काही नाही गं बाळा. तो गुरगुरायला लागला की वाटायचं, हे उठलेत, बंब पेटवलाय. आता सकाळी कुणी उठतच नाही."

मला रडूच कोसळलं. तिनेच माझे डोळे पुसले. मग मी फोन घेतला आणि तिकीट बघायला लागले.