बॅटरीमामा आणि परग्रहवाल्यांची कुस्ती

बॅटरीमामांनी तीस वर्षांत एकही पिक्चर पडद्याकडे तोंड करून बघितला नाही. आमच्या थिएटरचे ते डोअरकीपर. तिकीट फाडायचं, हातातल्या बॅटरीनं खुर्ची दाखवायची आणि मग पडद्याशेजारच्या दाराला पाठ टेकून उभं राहायचं, तोंड पब्लिककडे. "पडद्यावर खोटं चालतंय वैनी, खुर्चीत खरं," म्हणायचे. वैनी म्हणजे मी. इंटरव्हलला चहा, भजी आणि भडंग विकायचा माझा गाळा त्याच थिएटरात होता.

दिसायला मामा म्हणजे खुंटीला अडकवलेला सदरा, पण ताठा पैलवानाचा. पहिल्या खेळाला माणसांची तोंडं बघून पिक्चर किती चालणार ते सांगायचे. "तिसऱ्या रांगेतली बाई पदर चावत रडत हुती. आठ आठवडं." बहुतेक वेळा खरं ठरायचं. चुकलं की म्हणायचे, "पब्लिक चुकलं."

माणूस गोड नव्हता. इंटरव्हलनंतर उशिरा आत येणाऱ्याच्या तोंडावर उजेड मारून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचे, "पावणं, भजी संपली, का पोट भरलं?" गिऱ्हाईक माझं, आणि तोंड सुटायचं यांचं. त्यावरून आमची भांडणं व्हायची. दोन-दोन दिवस बोलायचो नाही. मग यायचे, चहा मागायचे आणि त्या चहाला नावं ठेवायचे. म्हणजे भांडण मिटलं असं मी धरायची.

दोन हजार सालानंतर थिएटरला उतरती कळा लागली. घराघरात सीडी आल्या. थोरले मालक गेले, त्यांचा मुलगा मालक होऊन गल्ल्यावर बसला. तो एक दिवस म्हणाला, "मामा, गणपतीपर्यंत बघतो. न्हाय चाललं तर टाळं लावणार." तेव्हा मामा हट्टाला पेटले, की पुढचा पिक्चर मी निवडणार. निवडला तो कसला? शंभर वर्षांपूर्वीची कुठलीशी विलायती कादंबरी. तिच्यात परग्रहावरनं कोणीतरी येतात आणि उंच पायांच्या यंत्रांत बसून गावंच्या गावं जाळतात. तिच्यावर पूर्वीही पिक्चर निघाला होता म्हणे. हा नवा, हिंदीत बोलणारा.

"आपल्या गावात हे कोण बघणार?" मालकांनी विचारलं.

"मालक, पोस्टर बघा की. माणसं पळाय लागल्यात. पळणारी माणसं बघायला माणसं येत्यात."

"आणि न्हाय आली तर?"

"तर टाळं तुमचंच हाय."

शुक्रवारी पाऊस धो धो. थोडी माणसं आली, त्यांत जवळच्या तालमीतले आठ-दहा पैलवान. पहिलं यंत्र उभं राहिलं तशा शिट्ट्या सुटल्या. "आयला, काय उंची हाय!" "पट काढ, पट! पाय धर त्येचा!" माझ्या गाळ्यापर्यंत आवाज येत होता. मी भजी टाकायची थांबून दारातून बघत बसले. मग शेवट आला. ते धिप्पाड परग्रहवाले आपोआप आडवे झाले. कुणी मारलं नाही, कुणी हात लावला नाही. इथल्या जंतूंनी आजारी पडले आणि मेले. दिवे लागले. आणि एकदम गिल्ला.

"निकाल लावा! निकाल लावा!"

"नूरा हाय ही, नूरा!"

आधी ठरवून केलेल्या कुस्तीला आमच्याकडे नूरा म्हणतात. कोल्हापूरच्या माणसाला एक वेळ उपाशी ठेवा, पण नूरा दाखवू नका. पैलवानांनी मामांना दारातच घेरलं. "मामा, एवढा दांडगा गडी सर्दी हून मेला व्हय?" मामा त्यांच्यातनं वाट काढत गाळ्यावर येऊन बसले. "वैनी, तोंडं बघितली. दोन दिवस." मी चहा दिला. तो पिऊन टाकला, नाव ठेवलं नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

शनिवारी तेच पैलवान परत आले. पिक्चर बघायला नव्हे, ओरडायला. ओरडायला आणखी चारजण घेऊन आले.

त्याच आठवड्यात शिरोळकडं कृष्णेचं पाणी गावात शिरलं होतं. माणसं पाहुण्यांकडं येऊन राहिली होती. राजारामपुरीतल्या एका दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून अशा नऊ बायका रविवारी दुपारच्या खेळाला आल्या. घरात पाय ठेवायला जागा नाही, निदान इथं खुर्ची तरी मिळेल, हा विचार. त्यांची पुढारी एक अक्का. अंगानं भरलेली, आवाज ऊस तोडणाऱ्या टोळीला हाक मारण्याजोगा.

पडद्यावर माणसं बोचकी घेऊन पळायला लागली आणि अक्का ओरडली, "गुरं सोडली का न्हाय?"

गुरं कुठली? त्या पिक्चरात म्हैस औषधाला नव्हती.

"अगं बाई! हिरो गाडी घेऊन पळतोय आणि म्हशी कुणाच्या जिवावर? दावी तरी काप की मुडद्या!"

सगळं थिएटर हसलं. पुढं पडद्यावर कोणीही पळालं की सगळे एकसुरात, "गुरं सोडा!" त्या नऊ बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. त्यांच्या घरात त्या वेळी कमरेएवढं पाणी होतं.

शेवट आला. परग्रहवाले पडले. पैलवानांनी "नूरा! नूरा!" सुरू केलं. अक्का उठून उभी राहिली.

"गप बसा रं! पुराचं पाणी पिऊन बघा, मग बोला. आमच्या गल्लीतलं तुमच्यापेक्षा दांडगं दोन पैलवान परवापासनं तांब्या घेऊन पळाय लागल्यात. ही तर परकी माणसं. नव्या गावात आली, पाणी उकळायची अक्कल नको?"

एक पैलवान हसता हसता खुर्चीवरून खाली आला. मामा पडद्याला पाठ करून हे सगळं बघत होते. धावत गाळ्यावर आले. "वैनी! सात आठवडं!"

त्या संध्याकाळपासून मामांनी एक नवीनच सुरू केलं. तिकीट फाडता फाडता प्रत्येकाला पिक्चरचा शेवट सांगायचा. "जावा पावणं. शेवटाला सगळं मरत्यात. न उकळता पाणी प्याल्यात लेकाचं."

मालकांनी डोक्याला हात लावला. "मामा, शेवट सांगितल्यावर कोण येणार?"

"मालक, कुस्तीच्या मैदानात कोण जिंकणार हे बी गावाला ठाऊक असतंय. तरी मैदान भरतंय की."

आणि भरलं. माणसं शेवट खरा की खोटा हे ठरवायला आली. दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणायची नूरा, दुसरी म्हणायची पाणी. खेळ सुटला की पायऱ्यांवर भांडण, आणि भांडणाला भजी. आजऱ्याहून एक जीप भरून माणसं आली, कशाला, तर "गुरं सोडा" ओरडायला. बरोबर आलेल्या म्हातारबुवांना काय ओरडायचं ते जीपमध्येच शिकवलं होतं. पिक्चर नऊ आठवडे चालला. मामांचं सात चुकलं. "पब्लिक चुकलं," म्हणाले. मालकांनी गणपतीत टाळ्याचं नाव काढलं नाही.

त्यानंतर थिएटर दोन वर्षं टिकलं. फार झालं. मग जागा विकली. आज तिथं दुकानं आहेत आणि ती बरी चालतात, मला त्याचं काही वाटत नाही.

शेवटच्या दिवशी दुपारच्या खेळाला दहा-बारा माणसं असतील. खेळ सुटला. मालक कुलूप घेऊन आले. मामा आत रांगा बघून बाहेर आले आणि म्हणाले, "एक पावणं झोपलंय."

"उठवा की मग."

"न्हाय उठवणार. तिकीट काढलंय त्यानं."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी उरलेलं भडंग काढलं. आम्ही तिघं पायरीवर बसून खात राहिलो. तासाभरानं तो माणूस डोळे चोळत बाहेर आला.

"संपला व्हय?"

"संपला पावणं," मामा म्हणाले. "कसा हुता?"

तो थोडा विचार करून म्हणाला, "झ्याक. एवढी झोप घरात बी लागत न्हाय."

मामा असे हसले की भडंग घशात गेलं आणि मला त्यांच्या पाठीत दोन रट्टे घालावे लागले. मागं मालक कुलूप लावत होते. मामांनी तिकडं मान वळवून बघितलंही नाही. ते डोळे पुसत त्या माणसाला विचारत होते, कुठल्या रांगेतली खुर्ची लागली, आणि पाठीला टोचली तर नाही ना.