बाबांची बंदूक आणि माझा टाक

आमच्या घराण्यात शस्त्र हाती न धरलेला पहिला पुरुष मी. पणजोबा तलवारीसकट दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले, आजोबा रिसाल्यात होते, बाबा पलटणीत जमादार झाले. मी दरबारच्या शिक्षण खात्यात कारकून झालो आणि टाक धरला. (तो हातात नसला की कानामागे असायचा. इंदू, म्हणजे माझी बायको, म्हणायची की लग्नातही होता. खोटं आहे. मी हळदीच्या आधी काढला होता.)

बाबा निवृत्त झाले तेव्हा पलटणीनं त्यांना त्यांचीच जुनी एकनळी बंदूक भेट दिली. काडतुसं दिली नाहीत, म्हणून आमचा माधवगंज मोहल्ला सुखरूप राहिला! दर खंडेनवमीला सकाळी बाबा चादर पसरून तिचा एकेक भाग सुटा करत, पुसत, तेल देत आणि डोळे मिटून परत जोडत. मग ती पूजेच्या पाटावर जाई आणि दसऱ्याला बाबांच्या खांद्यावर. त्या दिवशी सरकारची, म्हणजे महाराजांची, स्वारी निघे आणि रस्त्याच्या कडेला पेन्शनर शिपाई आपापली हत्यारं घेऊन सलामीला उभे राहत.

त्या वर्षी उन्हाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. चालणं सुधारलं, पण उजव्या हाताची थरथर राहिली. चार महिने त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. कपबशी वाजते ती लोकांनी ऐकलेली त्यांना नको होती. पण नवमीला सकाळी म्हणाले, "यंदा मी सलामीला उभा राहणार. आता घरात बसलो तर कायमचा बसेन."

"मग बंदूक मी साफ करतो," मी बोलून गेलो.

"तू?" बाबा, आई आणि इंदू तिघंही एकदम म्हणाली.

सुटी करणं अगदीच सोपं निघालं. पाऊण तासात चादरीवर सतरा तुकडे आणि माझ्या नाकावर तेल! जोडण्याआधी जरा आंघोळ उरकावी म्हणून मी उठलो. बाहेर येऊन पाहतो तर आईनं मुहूर्त टळू नये म्हणून सगळे तुकडे पाटावर मांडले होते. अडकित्ता, विळी, इंदूचं शिवणयंत्र, माझे दौत-टाक आणि त्यांच्या रांगेत सतरा तुकडे. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर फूल. नळीत तर झेंडूच खोचलेला!

"आई, अगं, ती जोडायची होती अजून!"

"मग आता उद्या. पुजलेल्या हत्याराला उत्तरपूजेआधी हात लावतात का? बिलकुल नाही!"

"उद्या सकाळी स्वारी आहे!"

"मग सकाळी लवकर ऊठ."

बाबा आरतीला आले. पाटाकडे पाहून, "इतकी वर्षं बिचारीला एकच फूल मिळायचं," एवढंच म्हणाले. पण आरतीत त्यांचा आवाज लागला नाही, आणि मला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

दसऱ्याला उत्तरपूजा होताच मी तुकड्यांवरचं कुंकू पुसायला बसलो. इंदूनं घाई केली, "अहो, पगडी आत्ताच चढवा, मग विसराल." चढवली. बाबा खुर्चीवर बसून, डोळे मिटून हुकूम सोडू लागले.

"आता मोठी कमान. वाकडी बाजू तुझ्याकडे. अरे, तुझ्याकडे! कमाल करतोस यार!"

मी भाग बसवत होतो आणि त्यांची बोटं मांडीवर तसतशी हलत होती. कमान, म्हणजे स्प्रिंग, दोनदा उडाली, एकदा आईच्या पुरणात पडली. तरी सोळा भाग बसले.

"शाबास. आता मागची आडवी खीळ. ती नसली तर पोटातलं सगळं खाली येतं."

खीळ नव्हती! निर्माल्य उपसलं, तांदूळ चाळले, शिवणयंत्राचा खण उलटा केला. इंदूनं अंबाड्यातला आकडा काढून दिला, तो बारीक पडला. तेवढ्यात रस्त्यावरून बाबांचे जुने सोबती ओरडले, "जमादार साब, चलिए! सब खड़े हो गए!"

 बाबांनी डाव्या हातानं हळूच फेटा काढायला घेतला.

ते मला बघवेना. मी पाटावरचा टाक उचलला, त्याची निब उपटली आणि ओरडलो, "आई, अडकित्ता!" आईनं सुपारी फोडावी तसा टाकाचा दांडा कातरून दिला. मी तो भोकात ठोकला. घट्ट बसला!

"बसला?" बाबांनी विचारलं.

"बसला. पण बंदुकीची खालची दांडी ओढू नका, सगळं बाहेर येईल."

"सलामी आहे रे, लढाई थोडीच आहे!" म्हणत त्यांनी फेटा परत चढवला.

स्वारी आली. बाबांचा हात थरथरत होता, बंदूक थरथरत होती, आणि तिच्या पोटात माझा टाक थरथरत होता. मी गर्दीत श्वास रोखून उभा होतो. हत्ती गेले, घोडे गेले, बाबा मान ताठ ठेवून शेवटपर्यंत उभे राहिले. मी रडलो. (धूळ होती असं इंदूला सांगितलं.)

घरी आल्यावर आईनं त्यांना ओवाळलं. मी आपट्याचं सोनं त्यांच्या हातात दिलं, पगडी काढून पायांवर डोकं ठेवलं, आणि टण्‌ आवाज झाला! त्यांच्या बुटावर खीळ पडली होती. कुंकू पुसताना हात मोकळा हवा म्हणून मी ती टाकाच्या जागी, कानामागे, खोचली होती आणि वरून पगडी चढवली होती.

बाबा हसायला लागले. चार महिन्यांत पहिल्यांदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. थरथरत्या हातानं माझा कान धरून म्हणाले, "माझी बंदूक टाकावर चालली. आता तू कचेरीत खिळीनं लिहून बघ!"

सुटी संपल्यावर सकाळी मी ती खीळ बसवायला घेतली, तेवढ्यात कचेरीची वेळ झाली. धावतपळत पोचलो, कानामागे हात घातला, हाती आलं ते दौतीत बुडवलं आणि सही करायला गेलो, तर हजेरीचा कागद टर्रकन फाटला. वडिलांची आज्ञा इतक्या तत्परतेनं मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाळलेली नाही.