घासून काढलेल्या तीन टिकल्या

मी पत्रकं लिहिते. नागपुरात गेल्या काही वर्षांत हातमागवाल्यांची किंवा शिलाईवाल्या बायांची सभा झाली असेल, तर तिथे वाटलेला कागद बहुतेक माझा. त्यातलं सगळ्यात गाजलेलं पत्रक इतवारीतल्या एका कापडदुकानावर होतं. माझे वडील उमरेडचे, विणकर घरातले. त्यांनी विणलेल्या लुगड्यावर तो दुकानदार स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवायचा आणि गिऱ्हाइकाला 'आमचा माल' म्हणून दाखवायचा. मी लिहिलं होतं, 'ज्याचे हात, त्याचं नाव. बाकी सगळी चोरी.' त्या दुकानासमोर हे वाक्य मी घसा बसेपर्यंत ओरडले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी कीव करायची सोय राहणार नाही.

चाकू करायचा नाद लागला तो सभा-मोर्च्यांतून डोकं मोकळं करायला. जुन्या करवतीची पाती आणायची, गच्चीवर ग्राइंडरने आकार द्यायचा, बाभळीची मूठ बसवायची. भाजी चिरायचे साधे चाकू. एक काम मात्र मला जमत नव्हतं, ते म्हणजे पाणी देणं. पातं भट्टीत लाल करून तेलात बुडवायचं, मग ते कडक होतं आणि धार धरतं. माझी पाती वाकायची, नाहीतर तडकायची.

इतवारीत भांड्यांच्या दुकानांमागे पत्र्याच्या शेडमध्ये एक काकू भट्टी चालवतात. नवरा गेल्यापासून एकट्याच. विळे, खुरपी, सत्तूर असं त्यांचं काम. त्यांनी माझं तडकलेलं पातं पाहिलं आणि मला भट्टीजवळ बसवलं. पातं पळसाच्या फुलासारखं केशरी झालं की काढायचं, रंग जरा पुढे गेला की धार ठिसूळ होते, तुकडे उडतात. आणि तेलात बुडवायच्या आधी, लोखंड लाल असतानाच, मुठीजवळ पंचने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, तीन टिकल्या मारायच्या. ही त्यांच्या घराची खूण, सासऱ्यांपासूनची. पात्याचं काही बिघडलं तर माणूस ती खूण पाहून त्यांच्याकडे येतो आणि त्या ते फुकट नीट करून देतात. खूण मारल्याशिवाय पातं तेलात जात नाही. माझी पातीही त्याला अपवाद नव्हती.

नादाचा धंदा झाला तो एका मैत्रिणीने फोनवर फोटो फिरवल्यामुळे. लोक मागायला लागले. काकूंना मी पात्यामागे मजुरी द्यायला लागले, त्यांनी ती घेतली. इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग हस्तकलेच्या प्रदर्शनात टेबल लावलं. तिथे एका बाईने चाकू उलटसुलट करून विचारलं, "हे ठिपके कसले? कारखान्याचा माल आहे का?" मी घाईने नाही म्हणाले. काकूंचं नाव सांगायला दोन वाक्यं लागली असती. ती मी बोलले नाही. घरी येऊन उरलेल्या चाकूंवरच्या टिकल्या ग्राइंडरने घासून काढल्या आणि त्या जागी माझं नाव कोरलं. सोबत द्यायला कार्ड छापलं, 'पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच हाताने घडवलेला.' पत्रकं लिहायची सवय, वाक्य चटकन सुचलं.

त्यानंतर काकू टिकल्या मारत राहिल्या आणि मी गच्चीवर त्या पुसत राहिले.

दोन चाकू परत आले. धारेचे बारीक तुकडे उडाले होते. मी माफी मागून बदलून दिले आणि काकूंना काही बोलले नाही. त्याच आठवड्यात त्यांची मुलगी शेडमध्ये आली होती. डोळे दाखवून घे म्हणून आईच्या मागे लागली होती. काकू हसून म्हणाल्या, "विळ्याचं सोड, ते जाडं असते, चालून जाते. हिचं पातं पाह्य किती पातळ. माहे डोळे गेले असते त हिचे चाकू परत आले नसते काय? आलं काय वं एखादं?"

मी म्हणाले, नाही काकू.

मुलगी निघून गेली. मी चहा प्यायले.

तिसरा चाकू मेस चालवणाऱ्या एका ताईंचा. कोहळं कापताना धार उडाली. मी बदलून देते म्हटलं, तर त्या ऐकेनात. हात याच्यावर बसला आहे, हाच नीट करून द्या म्हणाल्या. नीट करणं मला येत नव्हतं. मूठ काढली आणि पातं घेऊन काकूंकडे गेले.

काकूंनी ते डोळ्यांनी पाहिलंच नाही. अंगठा आधी मुठीजवळ गेला, मग धारेवर, मग परत मुठीजवळ.

"हे कोणाचं होय?"

मी म्हणाले, माझंच, पहिल्या दिवसांतलं, गच्चीवर पाणी दिलं होतं. खोटं किती सहज आलं, याचं मला अजून नवल वाटतं. त्यांनी पातं उजेडात धरलं, तिरपं केलं. माझ्या नावाच्या खाली घासल्याचा खोलगट डाग होता.

"तीन टिकल्या होत्या अठी," त्या म्हणाल्या. "काहून घासल्या?"

मी काहीतरी बोलले. गिऱ्हाइकं विचारतात, बरं दिसत नाही, असं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, किती परत आले. मी खरं सांगितलं.

काकू त्या दुकानदारासारख्या चिडतील अशी माझी तयारी होती. चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते मला येतं. त्या चिडल्या नाहीत. भट्टीकडे बघत राहिल्या.

"म्हणजे मले रंगच दिसून नाही राहिला," त्या म्हणाल्या. "पळस होऊन जातो अन् मी वाटच पाहून राहिली. तुले मालूम होतं अन् तू मले सांगतलं नाही वं."

नावाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मी घासलं होतं ते नाव नव्हतंच. त्यांचं काम त्यांच्याकडे परत यायची वाट होती ती. आमच्या दुकानदारानेही वडिलांचं एवढं नेलं नसेल.

मग त्यांनी पातं भट्टीत घातलं आणि मला रंग सांगायला बसवलं. मी 'आता' म्हणाले तेव्हा त्यांनी ते बाहेर काढलं, चाचपत पंच टेकवला, तीन घाव घातले, तेलात सोडलं. माझा रंग बरोबर होता की नाही, मला माहीत नाही.

चाकू परत दिला तेव्हा मेसवाल्या ताईंनी टिकल्यांबद्दल विचारलं. या वेळी मी दोन वाक्यं बोलले. त्यांनी कार्ड काढून माझ्यासमोर धरलं, "मंग हे कोणी लिहिलं?" मी म्हणाले, मीच.

काकूंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ज्यांना ज्यांना चाकू विकले, त्या सगळ्यांना मी लिहून पाठवलं. पाणी कोणी दिलं, खूण कोणी पुसली, धार उडाली असेल तर चाकू कुठे न्यायचा. माझं सगळ्यात लहान पत्रक, आणि लिहायला सगळ्यात जास्त दिवस लागलेलं. उत्तरादाखल फोनवर काहींनी अंगठा पाठवला, एकीने हात जोडले. चाकू कोणी आणला नाही.

शेडमध्ये गेले की काकू अजून विचारतात, "आलं काय वं एखादं?"

मी नाही म्हणते. आता ते खरं असतं. तरी त्या थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहतात.