पुढच्या गाडीची अक्षरं

ऑफिसात किस्से घडतात म्हणे. आमचे ऑफिसला पोचायच्या आधीच घडतात!

आम्ही चौघं मलकापुरातून सांगलीला एकाच गाडीनं नोकरीला जातो. गाडी राजाभाऊंची, ते इन्शुरन्समध्ये. शिंदे मॅडम ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवतात. खरातनाना मूळचे वडूजकडचे, मिलिटरीतून रिटायर होऊन आता मार्केट यार्डात सिक्युरिटी सुपरवायझर. आणि मी वैशाली, पॅथॉलॉजी लॅबमध्ये.

गप्पा संपल्या की माणसं मोबाईल काढतात. राजाभाऊंना त्याचा भारी राग. त्यांनीच खेळ काढला. पुढच्या गाडीच्या नंबरात एमएच सोडून जी दोन अक्षरं असतील, ती त्याच क्रमानं शेजारी-शेजारी आलेला इंग्रजी शब्द सांगायचा. ज्याचा शब्द शेवटचा, तो जिंकला. जिंकणाऱ्याला संध्याकाळी पुढची सीट!

आता पुढची सीट म्हणजे काय, असं तुम्ही म्हणाल. आमच्या गाडीत मागं एसी पोचत नाही!

*

पहिल्याच आठवड्यात डी जे आलं. मॅडमसुद्धा डोकं खाजवायला लागल्या. नाना म्हणाले, "ह्यात काय अवघड हाय? ॲडजस्ट!"

मॅडमनी बोटानं हवेत स्पेलिंग लिहून पाहिलं. बरोबर!

"नाना, इतक्या पटकन कसं सुचलं?"

"आवं मॅडम, आमच्या गल्लीत डीजे लागला की दुसरं काय करतो आमी?"

*

एकदा आष्ट्याच्या अलीकडं पुढच्या जीपची प्लेट चिखलानं बरबटलेली. अक्षरं दिसेनात. राजाभाऊ चिकटूनच चालवत होते. जीप हळू झाली की आम्ही हळू, तिनं वेग घेतला की आम्हीही! शेवटी जीपवाल्यानं चहाच्या टपरीपाशी गाडी घातली आणि तावातावानं उतरला. हळदीचा व्यापारी, चांगला दांडगा माणूस.

"काय भानगड हाय? कवाधरनं माग काढताय माझा?"

नाना खाली उतरले, टाचा जुळवून कडक सॅल्यूट ठोकला. "साहेब, आमाला फकस्त तुमची अक्षरं पायजेत!"

सगळा खेळ समजावून सांगितला. त्या माणसानं खिशातला रुमाल काढून स्वतः प्लेट पुसली. डी व्ही! आम्ही तोंड उघडायच्या आत तोच ओरडला, "ॲडव्होकेट!"

"वा! कसं काय सुचलं?"

"सुचतंय काय! त्यालाच फोन लावणार होतो की आत्ता!"

*

पुण्याच्या एका गाडीवर के टी होतं. गाडी पुरती दिसायच्या आत नाना म्हणाले, "कॉकटेल!"

मॅडमनी वळून त्यांच्या गळ्याकडं पाहिलं. "नाना, तुम्ही तर माळकरी!"

"माळ रिटायर झाल्यावर घातली, मॅडम. स्पेलिंग त्याच्या आधीचं हाय!"

*

माझी मुलगी सई इंग्लिश मीडियमला. मी अख्खी मराठी शाळेतली. पॅरेंट्स मीटिंगला मी नेहमी मागच्या बाकावर. बाकीच्या आया आपसात फाडफाड इंग्रजी बोलायच्या आणि मी भिंतीवरचे तक्ते वाचत बसायची. सईला ते जाणवायचं. बोलायची नाही, पण येताना हात धरायची नाही.

गॅदरिंगला पालकांची स्पर्धा निघाली. टीचरनी फळ्यावर मोठ्ठं लिहिलं, एक्स सी. ही अक्षरं असलेले शब्द सांगा! एका मम्मीनं 'एक्सायटिंग' म्हटलं आणि अडखळली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र थेट हायवेच आला! उठले आणि सुटले. "एक्स्चेंज, एक्सेप्ट, एक्सक्यूज, एक्सेस, एक्सक्लूड, एक्सकर्शन..."

टीचर टाळ्या वाजवत म्हणाल्या, "एक्सलंट!"

"हो, तोही धरा!"

हॉल हसून हसून गडगडला. बक्षीस मलाच! घरी जाताना सईनं माझा हात घट्ट धरलेला. म्हणाली, "आई, तू इंग्लिश कुठं शिकलीस गं?"

"इस्लामपूरच्या अलीकडं!"

*

मग राजाभाऊंना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, शब्द बाहेर येत नाही. बोलत राहा त्यांच्याशी. आम्ही मॅडमच्या गाडीनं सांगलीला जायला लागलो आणि दर रविवारी राजाभाऊंकडं. सुनंदावहिनी चहा करायच्या. आम्ही बोलायचो, ते टकामका बघायचे. दिवसभर बडबडणारा माणूस!

एका रविवारी नाना आल्या आल्या म्हणाले, "राजाभाऊ, तुमच्या फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरची स्कूटर खाली लागलीया. डी बी. चला, होऊन जाऊ द्या!"

मॅडम म्हणाल्या, "फीडबॅक." मी म्हटलं, "हँडबॅग." नानांनी 'सँडबॅग' काढली, मिलिटरीतली. मग आम्ही तिघंही अडलो. राजाभाऊ नुसते छताकडं बघत होते. नानांचाही चेहरा पडला. चहा झाला, इकडचं-तिकडचं बोलून आम्ही उठलो.

"येतो, राजाभाऊ."

त्यांचे ओठ हलले. कपाळावरची शीर ताठ झाली. आम्ही जागच्या जागी थांबलो.

"गुड... बाय."

वहिनींच्या हातातला ट्रे खणकन पडला. "बोलले! अहो, बोलले!" त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. "पहिला शब्द, आणि तोही तुम्हाला निरोप द्यायला!" मॅडमनी त्यांना मिठी मारली. राजाभाऊ काहीतरी नाही नाही असं मान हलवत होते, पण तिकडं लक्ष कुणाचं!

डोळे पुसत आम्ही खाली आलो. नाना स्कूटरपाशी एकदम थबकले. प्लेटवर बोट ठेवून पुटपुटायला लागले, "जी, ओ, ओ, डी, बी..."

आणि तिथनंच वर गॅलरीकडं बघून ओरडले,

"आवं वहिनी! निरोप कसला? हरवलं की आमाला!"