नळी काढायची कोणी?

आयसीयूच्या दारात चपला काढून आत जायचं असतं. संध्याकाळपर्यंत तिथं चपलांचा ढीग होतो, तसाच माझ्या डोक्यात किस्स्यांचा झालाय. दहावी पास होते म्हणून मला वॉर्डातून आयसीयूत आया म्हणून घेतलं. शेजारणी विचारतात, "मेलेल्या माणसांची भीती नाही वाटत?" नाही वाटत. दारात उभ्या असलेल्या जिवंत माणसांनी मात्र कितीदा अंगावर काटा आणलाय!

हे सगळं दुष्काळाच्या वर्षांतलं. जालना रोडला नवी नवी हॉस्पिटलं उभी राहत होती आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा.

*

सिल्लोडचे दोघे भाऊ. वडील श्वासाच्या मशीनवर. डॉक्टर म्हणाले, "आता आशा नाही, काय ते ठरवा." दोघं बाहेर जाऊन चहा पिऊन आले.

थोरला म्हणाला, "मशीन काढू नका. फक्त औषधं थांबवा."

"असं का?"

"मशीन काढली तर आपण मारलं असं होतं, डॉक्टरसाहेब. औषध थांबवलं तर देवानं नेलं."

"आणि औषध थांबवलं कोणी?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. धाकटा म्हणाला, "ते तुम्हीच ना."

*

एक बँकेतले साहेब होते, फार मऊ बोलायचे. आई मशीनवर. आमच्या परवीन सिस्टरला त्यांनी विचारलं, "तुमच्या भागात लोडशेडिंग किती वेळ असतं?"

"लाइट गई तो भी फिकर नको, साहेब. जनरेटर है ना."

"तो बंद पडत नाही का कधी?"

आम्हाला वाटलं, बिचारे घाबरलेत. सिस्टरनं धीर द्यायला म्हणून त्यांना खाली नेऊन जनरेटर दाखवला. त्यांनी तो नीट न्याहाळला आणि हळूच विचारलं, "याच्याजवळ कायम कोणी असतं का?"

दुसऱ्या दिवसापासून जनरेटरच्या खोलीला कुलूप आहे.

*

"तुमची आई असती तर काय केलं असतं?" हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक डॉक्टरांना विचारतो. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "घरी नेली असती."

मग त्यांची आईच आमच्याकडं आली. रोज सकाळी ते रिपोर्ट बघायचे आणि म्हणायचे, "आजचा दिवस बघू." शेवटी म्हातारीच कंटाळून गेली. त्यानंतर कोणी तो प्रश्न विचारला, की डॉक्टर हात धुवायला जायचे.

*

कौसाबाई देवगाव रंगारीकडची, मेंढरं राखणारी. नवऱ्याच्या मेंदूत रक्त साचलेलं. मी फरशी पुसताना ती माझ्याशी बोलायची.

"चारा नव्हता, बाई. मालकांनी म्हाताऱ्या गायीचं दावं सोडलं आन् डोंगराकडं हाकलली. मारली नाय. सोडली फक्त. काही दिसांनी बघती तर गाय दारात उभी."

"मग?"

"मग काय? परत आलेल्याला पुन्यांदा कसं सोडायचं? बांधली."

डॉक्टरांनी तिला आणि तिच्या थोरल्या दिराला समजावलं, घरी न्या, हातानं श्वासाची बॅग दाबत नेऊ, दारात पोचल्यावर घशातली नळी काढू. दीर लगेच हो म्हणाला. कौसाबाईनं विचारलं, "आन् परत आले तर?"

डॉक्टर हात धुवायला गेले.

अँब्युलन्समध्ये परवीन सिस्टरसोबत मीही होते. घरापर्यंत कौसाबाईनंच बॅग दाबली. ओसरीत घोंगडं अंथरलेलं, भावकी जमलेली, कोपऱ्यात बांबूसुद्धा आणून ठेवलेले. सिस्टरनं नळी काढली. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

म्हाताऱ्याची छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली.

मग दीर खाकरला. "चला, पाणी पाजून घ्या. एकेक चमचा. शेवटचं."

तांब्यात तुळशीचं पान होतं. माणसं रांगेत उभी राहिली, डोळे पुसत, अगदी मनापासून.

सिस्टर ओरडली, "अरे, बेहोश है वो! एक चमचा भी नको, छाती में जाएगा. गुदमरतील!"

"आमची रीत हाय, बाई," दीर शांतपणे म्हणाला. "पाणी पाजल्यानं कोन मरतं?"

त्यानं चमचा बुडवला. तेवढ्यात कौसाबाईनं तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि तुळशीच्या पानासकट सगळा रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं, रांगेकडं बघितलं.

"पाणी संपलं," ती म्हणाली. "टँकर उद्याला येतुया."